चारशेवीस घोड्यांची तहान

"रविवारी घाट चढून वरच्या टॉवरपर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत गाडी एकदा जरी रुसली ना, तर सोमवारी विकून टाकतो! बास!"

टर्बोने हे भर जेवणात जाहीर केलं आणि टेबलावर अशी मूठ आपटली की सासूबाईंच्या आमटीने ताट सोडून टेबलक्लॉथ गाठला.

टर्बो म्हणजे चौकातला चष्मेवाला. हे नाव त्याला गल्लीने दिलं होतं आणि त्याला ते अजिबात मान्य नव्हतं. कारण त्याच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला टर्बो नव्हताच! "आपलं इंजिन स्वतःच्या दमावर श्वास घेतं हो! बाहेरून फुंकर मारायला कुणी लागत नाही!" असं तो एकेकाला गाठून समजावून सांगत असे. लोक मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारत, "काय टर्बो, झाला का चहा?"

आठ सिलिंडर, चार लिटर, मिनिटाला आठ हजार तीनशे फेरे आणि चारशेवीस घोड्यांची ताकद. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट चढली की त्याला पळता येत नाही, हे टर्बोने बरोबर हेरलं होतं. भिंतीवरच्या अक्षरांची खालची ओळ वाचायला मिळण्याआधी बिचाऱ्याला हे सगळे आकडे ऐकावे लागत.

"चारशेवीस?" त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दर वेळी म्हणे. "भाऊजी, आकड्यातच सगळं आलं की!"

हा मेहुणा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. आयुष्य गेलं शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून. पायाखाली दुसरा ब्रेक नसेल तर त्याला सोफ्यावरसुद्धा अस्वस्थ वाटे. त्याच्या मते ही गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती, फक्त रंगाने लाल. गेल्या महिन्यात गाडी सिग्नलला बंद पडली, तेव्हा ती मागून ढकलायला नेमका तोच सापडला होता. तेव्हापासून त्याने ताईच्या मागे एकच धोशा लावला होता, की ही ब्याद विका. आणि ताईने, म्हणजे टर्बोच्या बायकोने, शेवटी हात टेकले होते. "एक काय ते ठरवा. रोज रोज भांडण ऐकून माझे कान किटले."

त्यातूनच ही रविवारची पैज निघाली. पंच बायको. साक्षीदार सासूबाई.

टर्बोला हरायचं नव्हतं. ही गाडी त्याने पंचवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून काढून घेतली होती. दिवसभर अंधाऱ्या खोलीत "आता बरं दिसतं की मघाशी?" विचारणाऱ्या माणसाला संध्याकाळी त्या आठ सिलिंडरचा आवाज ऐकला की आपणही कुणीतरी आहोत असं वाटायचं. ती गेली तर उरलं काय? नुसता चष्मेवाला!

म्हणून तो आठवडाभर तयारीला लागला. या इंजिनाची दुखणी त्याला तोंडपाठ होती आणि त्याच्या कृपेने घरातल्या सगळ्यांनाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचं पथ्यपाणी सांगावं तसं तो सांगे. "एक, बेअरिंग झिजतात. दोन, थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडणाऱ्या त्या चिमुकल्या मोटरी कधी दगा देतील सांगता येत नाही. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं! हे इंजिन ऑइल पितं. पाण्यासारखं पितं! दिवा लागायची वाट बघत बसलात तर संपलात!"

"अहो, कळलं," बायको म्हणे.

"कळून उपयोग नाही, वळलं पाहिजे! ऑइल कमी म्हणजे बेअरिंग गेली. बेअरिंग गेली म्हणजे इंजिन गेलं!"

"आणि इंजिन गेलं म्हणजे जावईबापू गेले," सासूबाई शांतपणे पुरवणी जोडत.

बेअरिंग त्याने सोमवारीच नवी टाकून घेतली. मंगळवारी मोटरी साफ करून घेतल्या. ऑइलचे डबे आणून गाडीशेजारच्या फळीवर सैन्यासारखे उभे केले. शिवाय एक हातपंपही घेतला. ऑइल जास्त झालंच तर नळी घालून वरून उपसायचा.

"जास्त?" मेहुणा खो खो हसला. "तुमच्या इंजिनात ऑइल जास्त होणार? वाळवंटाला पूर यायची तयारी चाललीय!"

रविवारी सकाळी टर्बो फडकं घेऊन गाडीपाशी आला आणि त्याच्या काळजात धस्स झालं. फळीवरचे तीन डबे गायब! कचऱ्याच्या टोपलीत ते रिकामे पडलेले. शनिवारी संध्याकाळी आपण ऑइल भरलं होतं का? भरलंच असणार. आठवड्याच्या धांदलीत माणसाला काय काय आठवेल? पण तीन डबे?

"बघ," तो स्वतःशीच पुटपुटला, "किती प्यायला लागलंय! आणि आज घाट!"

त्याने निर्धाराने चौथा डबा उघडला आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतला. ऑइल मोजायची पट्टी तिथेच होती, पण ती पाहायची गरजच काय? ज्याला घरचं माणूस कळतं त्याला त्याची तहानही कळते.

वरात निघाली. पुढे टर्बो आणि मेहुणा, मागे बायको आणि सासूबाई. स्पोर्ट्स कारची मागची सीट ही फक्त कागदोपत्री सीट असते. सासूबाईंचे गुडघे हनुवटीला टेकले होते.

"जावईबापू, मी पोचेपर्यंत घडीची छत्री होणार."

"थोडं सोसा, आई. इतिहास घडतोय."

घाटाच्या पायथ्यापर्यंत टर्बोने गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे गेले. "इंजिन गरम होईपर्यंत रेटायचं नसतं! फेरे दाखवणाऱ्या काट्याभोवतीचे पिवळे दिवे एकेक करून विझू द्या!" मेहुणा खूश होता. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजी नियमाने चालवत होते.

शेवटचा दिवा विझला. समोर मोकळा चढ. टर्बोने मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"आता ऐक," तो म्हणाला आणि पाय दाबला.

चार हजार. सहा हजार. इंजिन असं गरजलं की मेहुण्याने नसलेला ब्रेक जमिनीतून आरपार दाबला. सात हजार! आठ! टर्बोचे डोळे भरून आले.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "धुकं पडलं वाटतं."

धुकं नव्हतं. मागचा घाट नाहीसा झाला होता! सायलेन्सरमधून निळा धूर असा लोटत होता की मागचा ट्रक, झाडं, कठडा, काहीच दिसेना. इंजिन खोकलं, थरथरलं आणि रस्त्याकडेच्या एका पांढऱ्या खांबापाशी गप्प झालं. धुरातून ट्रकवाल्याचा आवाज तेवढा आला. "ओ साहेब! डास मारायला निघालात का?"

मेहुण्याने घड्याळात बघितलं. सोमवारला किती तास उरले ते मोजत असावा.

पण टर्बो हटणारा गडी नव्हता. त्याने बाह्या सरसावल्या, बॉनेट उघडलं आणि कान लावला, नाक लावलं, पोटावर पडून गाडीखाली डोकावला. "बेअरिंग? नाही, ठकठक नाही. मोटर? नाही, पाय दाबला तशी पळाली की! मग काय? काय झालं तुला?" शर्टाला काळं फासलं गेलं होतं. "सगळं केलं गं तुझ्यासाठी. सगळं!"

बायकोला ते बघवेना. "अहो, असे हताश होऊ नका. ऑइल तरी कमी नाही ना? नसणारच. मी काल टाकलंय."

टर्बो गाडीखालून सावकाश बाहेर आला. "तू?"

"मग! तुम्ही विसरलात तर? एक डबा अख्खा टाकला." ती जरा लाजली. "गाडी जावी असं मला कुठे वाटतंय? संध्याकाळी गल्लीत तिचा आवाज आला की मी चहा टाकते. रिक्षाने आलात तर मला कळणार कसं?"

"अगं बाई," सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मग माझा डबा कुठे गेला असेल? मला वाटलं, इतकं सारखं तहान तहान करतात जावईबापू, आपणच घालावं चार घोट. चहाच्या गाळणीतून गाळून घातलं हो! कचरा नको जायला."

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. तो कठड्यापलीकडचं निसर्गसौंदर्य पाहत होता.

"बोल," ताई म्हणाली.

"हे बघ ताई, मला पैज सरळ जिंकायची होती! आज ऑइल कमी पडून बंद पडली असती तर भाऊजी जन्मभर म्हणाले असते, 'इंजिन चांगलं होतं, ऑइल नव्हतं.' ती पळवाटच नको म्हणून मी..."

"एक डबा?"

"एकच!"

"आणि सकाळचा माझा चौथा!" म्हणत टर्बोने पट्टी बाहेर ओढली. खुणेपर्यंत नव्हे, दांड्यापर्यंत ऑइल! बिचाऱ्या इंजिनाने आत ताकासारखं घुसळून फेस काढला होता आणि तो फेस जाळत ते घाट चढत होतं.

मग डिकीतून तो हातपंप निघाला. मेहुणा नळी धरून बसला, टर्बो उपसत राहिला, बायको पट्टी पुसून पुसून दाखवत राहिली. रिकामे डबे घरीच राहिले होते, म्हणून पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन त्या कामी आले. शेवटी पट्टी खुणेवर आली. किल्ली फिरवल्यावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या, थोडा धूर सोडला आणि आठही सिलिंडरनी सूर धरला. ते टॉवरपर्यंत गेले आणि परतही आले. टर्बोने सात हजारांच्या वर काटा नेला नाही.

दारात उतरल्यावर मेहुणा म्हणाला, "ताई, निकाल?"

"इंजिन पास. त्याचा काही दोष नव्हता. गाडी राहणार." टर्बो आनंदाने उडी मारणार होता, पण बायकोचं संपलं नव्हतं. "अहो, एकच विचारते. आम्ही तिघं अडाणी. आम्हाला ती पट्टी पाहायचं सुचलंच नाही. पण तुम्हीही सकाळी डबा ओतलात ना? तेव्हा ती पाहिली होती का?"

टर्बोने चष्मा काढला. काच स्वच्छच होती, तरी बराच वेळ पुसली.

आता दर रविवारी सकाळी बॉनेट उघडतं, पण पट्टी सासूबाई ओढतात. त्याच्याच दुकानातला जवळचा चष्मा लावून त्या ती उजेडात धरतात. टर्बो शेजारी फडकं घेऊन उभा असतो.

"काय म्हणतंय, आई?"

"नंबर स्थिर आहे, जावईबापू. पुढच्या रविवारी या."

समोरून कुणीतरी ओरडतं, "काय टर्बो, झाली का तपासणी?" आणि टर्बो काहीही समजावून न सांगता मुकाट्याने "झाली" म्हणतो.