सरकारांची झोप आणि पुढचं सस्पेन्शन

"एका दुपारचं काम आहे! फुकटात दुरुस्ती, तासाभरात घरी!"

बाबांनी ठणकावून सांगितलं. गाडीच्या कंपनीचा मेसेज आला होता. या मॉडेलच्या पुढच्या सस्पेन्शनमधला एक सांधा कच्चा निघालाय, चालत्या गाडीत निखळू शकतो, गाडी ताबडतोब आणा.

"पण सरकारांच्या झोपेचं काय?" आईने विचारलं.

सरकार म्हणजे त्यांची आठ महिन्यांची लेक. सरकार पाळण्यात झोपत नसत, खांद्यावर झोपत नसत. झोपत ते फक्त गाडीत, आणि तेही खड्डा आला की पुढच्या चाकाकडून 'कुर्र-धब' व्हायचं, त्या तालावर. बाबांना तो गाडीचा स्वभाव वाटे. गल्लीबाहेरचा रस्ता गुळगुळीत झाला, त्या दिवशी या घरात कुणी जेवलं नव्हतं.

"म्हणजे इतके दिवस आपण तिला निखळत्या चाकावर झोपवत होतो?" आईने लेकीला उचलून कडेवर घेतलं.

बाबांनी किल्ली उचलली.

सांधा बदलला. गाडी बाहेर पडली आणि पहिल्या गतिरोधकावरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मागच्या सीटवर आईशेजारी सरकार कान देऊन बसले होते. दुसरा गतिरोधकही मुकाट गेला. मग सरकारांनी असं भोकाड पसरलं की शेजारच्या बसमधली माणसं वाकून बघू लागली!

गाडी पुन्हा वर्कशॉपच्या दारात.

"काय तक्रार?" मेकॅनिकने विचारलं.

"आवाज येत नाही."

"हॉर्नचा?"

"नाही हो. कुर्र-धब."

मेकॅनिकने हात पुसले. "साहेब, तो घालवायलाच तर गाडी बोलावली होती."

"जुना सांधा परत बसवता येईल?"

"येईल की. माझी नोकरी जाईल आणि तुमचं चाक."

मागून सरकारांचा टाहो चालूच होता. मेकॅनिकला दया आली. त्याने कोरड्या काचेवर वायपर चालू केले. कुर्र! सरकार क्षणभर थांबले.

"धब तेवढं तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला.

तर बाबा निघाले. लख्ख उन्हात वायपर चालू, आणि दर 'कुर्र'नंतर दारावर बुक्की. धब! सिग्नलला वाहतूक पोलीस खिडकीशी वाकला.

"पाऊस कुठाय?"

"मुलीला झोपवतोय."

पोलिसाने मागे पाहिलं. सरकार खिदळत होते. "तिला सांगितलंय का तसं?" तो म्हणाला आणि पुढे जायची खूण केली.

"ऐकलंस ना?" बाबा मागे न बघता म्हणाले. "मी मूर्ख दिसतोय, हो ना?"

अशा प्रश्नाला आईने उत्तर दिलं नाही, असं लग्नानंतर प्रथमच घडत होतं. बाबांनी आरशात पाहिलं.

आई झोपली होती. डोकं काचेला, तोंड अर्धवट उघडं, एक हात अजून लेकीच्या सीटवर. आठ महिने दर धक्क्याला हाच हात ती सीट घट्ट धरायचा. आज धरायला धक्काच नव्हता. वायपरची कुरकुर आणि बुक्क्या तिच्या गावीही नव्हत्या. सरकारांच्या रडण्यात डुलक्या काढायची सवय झालेली बाई ती.

बाबांनी अलगद वायपर बंद केले.

"बाऽ!" सरकार ओरडले.

"श्श! आई झोपलीय."

घराचं फाटक आलं, गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. थांबलो की जागी होईल, म्हणून बाबा थांबेनात. पेट्रोलचा दिवा लागला, तरी पंपासमोरून मान खाली घालून पुढे! शेवटी घराच्या अलीकडच्या वळणावर गाडीने आपणहूनच, एकही हिसका न देता, हळूच जीव सोडला.

"आलं का घर?" आईने डोळे न उघडताच विचारलं.

"आलंच," बाबा म्हणाले. मग आवाज न करता खाली उतरले, एक हात स्टिअरिंगवर ठेवला, खांदा दाराच्या चौकटीला लावला आणि ढकलायला लागले. सरकार टक्क जागे होते आणि टाळ्या पिटत होते.