सुलिव्हनांची भावकी

क्रांतीनं आयर्लंडहून व्हिडिओ कॉल करून "मी लग्नाचं ठरवलंय" असं सांगितलं, तेव्हा सुभेदार जोतिबा मुळीक यांनी मुलगा दिसतो कसा, शिकलाय किती, दारू पितो का, यांतलं काही विचारलं नाही. त्यांचे प्रश्न तीनच होते, आणि ते आजवर कधी बदलले नव्हते.

"आडनाव काय? मूळ गाव कुठलं? मामकूळ कुठलं?"

"आडनाव सुलिव्हन. बाकीचं तुमीच त्येला इचारा," क्रांती म्हणाली. "फुडल्या म्हैन्यात आईला घिऊन येतोय त्यो."

जोतिबांनी सव्वीस वर्षं फौजेत काढली होती, पण बोरजाईवाडीत त्यांचा दरारा होता तो सोयरिकीतल्या ज्ञानामुळं. कुणाचं कूळ कुठून फुटलं, कोणाचं देवक काय, कुठल्या आडनावाची घरं कुठल्या तालुक्यात पांगली, हे सगळं त्यांच्या जिभेवर. मुला-मुलीचं आडनाव एक निघालं की संपलं. "भावकी हाय, भन लागती," एवढं म्हणून ते उठायचे, आणि त्यांच्यामागोमाग सगळी बैठक उठायची. अशा अकरा सोयरिकी त्यांनी आजवर मोडल्या होत्या. त्या अकरा घरांतलं कुणी त्यांच्याकडं चहाला येत नसे, पण तत्त्वासाठी माणसानं एवढं सोसायला हवं, असं त्यांचं मत होतं.

क्रांतीबरोबर डेक्लन सुलिव्हन आणि त्याची आई नोरा ठरल्या दिवशी आले. डेक्लन सहा फुटांचा, तांबूस दाढीचा, दारातून आत येताना दोनदा डोकं आपटून घेतलेला. वडील आले नव्हते, कारण साठ गाईंच्या धारा सोडून येणार कसे? हे ऐकून जोतिबांचं निम्मं मन तिथंच पाघळलं. उरलेलं निम्मं दुसऱ्या दिवशी सकाळी पाघळलं. जोतिबांच्या बायको शालूबाई गोठ्यात गेल्या तर नोराबाई मुऱ्हा म्हशीखाली बसून धार काढत होत्या. ही म्हैस जोतिबांनाही जवळ येऊ देत नव्हती. तिच्या लाथेनं नवऱ्याला दोन महिने लंगडताना शालूबाईंनी पाहिलं होतं.

"आवं, बगा की," शालूबाई कौतुकानं म्हणाल्या. "बाई लय कामाची हाय."

तरीपण परीक्षा व्हायचीच होती. चहा झाल्यावर जोतिबा ओट्यावर ताठ बसले. शेजारी थोरली बहीण हरणाबाई, समोर डेक्लन, आणि दुभाषी म्हणून मध्ये क्रांती. जोतिबांनी मूळ गाव विचारलं आणि घसा खाकरून ऐकायला बसले. परदेशी पोराला आजोबाच्या पलीकडं काय ठाऊक असणार, अशी त्यांची खात्री होती.

डेक्लननं सुरुवात केली ती आठशे वर्षांपूर्वीपासून. त्यांच्या नावाला आधी 'ओ' लागायचा. ओ म्हणजे नातू, म्हणजे अमक्याचा वंशज. मूळ ठिकाण टिपररी नावाच्या सुपीक मुलखात. तिथं बाहेरून नॉर्मन सरदार चालून आले, जमिनी गेल्या, तेव्हा सगळं घराणं नैर्ऋत्येला समुद्राकाठच्या डोंगरात सरकलं. तिथं दोन शाखा झाल्या. थोरली केरी प्रांतात, धाकटी कॉर्क प्रांतात.

"थोरली पाती आन् धाकटी पाती!" जोतिबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "आक्का, आपल्यावानीच की गं!"

"नावाचा अर्थ काय?" हरणाबाईंनी विचारलं.

डेक्लन खरं बोलणारा पोरगा. जाणकारांत दोन मतं आहेत, तो म्हणाला. कुणी म्हणतं काळ्या डोळ्यांचा, कुणी म्हणतं एका डोळ्याचा.

"एका डोळ्याचा?" हरणाबाई उठल्या. घराण्यात काही दोष असेल तर आत्ताच कळलेला बरा. त्यांनी डेक्लनचा डावा डोळा हातानं झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. त्याला मराठी आकडे वाचता येत नव्हते, म्हणून त्यानं आईकडं पाहिलं. मग हरणाबाईंनी दोन बोटं दाखवली, त्यानं "दोन" म्हटलं. दुसरा डोळा झाकला, चार दाखवली, त्यानं "चार" म्हटलं. एवढं मराठी क्रांतीनं शिकवलेलं होतं. "दोनी डोळं हायती," हरणाबाईंनी जाहीर केलं आणि खाली बसल्या.

मग डेक्लननं घराण्याची एक गोष्ट सांगितली. चारशे वर्षांपूर्वी धाकट्या पातीचा किल्ला इंग्रजांनी तोफा लावून पाडला. ऐन हिवाळ्यात, डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, सुलिव्हनांचा सरदार आपली हजार माणसं घेऊन उत्तरेकडं निघाला. बायका-पोरं, म्हातारी माणसं सगळी. पंधरा दिवस चालले. रोज लढाई, रोज उपास, नदीला उतार नाही. नदीकाठी त्यांनी आपले घोडे मारून खाल्ले आणि त्यांच्याच कातड्याची नाव करून नदी ओलांडली.

"आन् पोचलं किती?" जोतिबांचा आवाज बदलला होता.

"पस्तीस," क्रांती म्हणाली.

सुभेदारांनी टोपी नीट केली. सियाचिनच्या बर्फात त्यांनी माणसं गमावलेली होती. हजारातले पस्तीस म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. ते उठले आणि डेक्लनला त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. डेक्लनही उभा राहिला आणि वरच्या वाशावर तिसऱ्यांदा डोकं आपटून घेतलं.

"परवा सुपारी फोडायची!" जोतिबांनी फर्मावलं. तिसरा प्रश्न विचारायचं भान त्यांना राहिलं नाही.

दोन दिवस ते गावभर पस्तीस जणांची गोष्ट सांगत हिंडले. पारावर सांगितली, सोसायटीत सांगितली. सुपारीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता मांडवात साठ-सत्तर माणसं आली ती निम्मी त्या गोष्टीसाठीच. पहिल्या रांगेत राजवर्धन बसला होता. तीन वर्षांपूर्वी त्याची म्हसवडची सोयरीक आडनाव एक निघालं म्हणून जोतिबांनी मोडली होती, आणि तो अजून बिनलग्नाचा होता.

नारळ, सुपारी, ओटी सगळं मांडलं. रिवाजाप्रमाणं हरणाबाईंनी चारचौघांत विचारलं, "पोराचं मामकूळ सांगा."

"सुलिव्हन," क्रांतीनं इंग्रजीत विचारताच डेक्लन म्हणाला.

"तुजं न्हवं बाबा," जोतिबा हसून म्हणाले. "तुज्या आईचं. तिच्या म्हायेरचं."

"सुलिव्हन."

मांडवात कुजबुज सुरू झाली. काहीतरी बिनसलंय हे नोराबाईंच्या ध्यानात आलं, पण काय ते कळेना. मदत करावी म्हणून त्या हसतमुखानं बोलल्या, आणि क्रांतीनं मान खाली घालून त्याचा तर्जुमा केला: आमच्याकडं दर दुसरं घर सुलिव्हनांचं. शाळेत माझ्या वर्गात सत्तावीस पोरं, त्यांतली एकोणीस सुलिव्हन. माझी आजीही सुलिव्हन, तिची सासूही सुलिव्हन.

"आगं बया!" हरणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "भावा-भनीची लगनं! पिढ्यान्‌पिढ्या!"

"सुभेदार," राजवर्धन शांतपणे म्हणाला, "उठायचं न्हवं का आता? आमच्या टायमाला तुमी लगीच उठला व्हता."

जोतिबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. उठावं तर लेकीचं लग्न मोडतं, बसावं तर अकरा घरं जाब विचारायला उभी राहतात. क्रांती त्यांच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, लगीन मी ह्येच्यासंगंच करनार. तुमी बसलासा तर हासत जाईन, उठलासा तर रडत जाईन. येवढाच फरक."

जोतिबांनी लेकीकडं पाहिलं. पोरगी एकुलती एक. परीक्षा देऊन ती नर्स झाली, एकटी विमानात बसली, तेव्हाही रडली नव्हती. ते उठलेही नाहीत, बसलेही नाहीत. खुर्चीपासून वीतभर अधांतरी राहून त्यांनी हुकूम सोडला, "मल्लाप्पाला फोन लावा! हेळवी सांगंल त्ये खरं!"

हेळवी म्हणजे पिढ्यांची नोंद ठेवणारा माणूस. मल्लाप्पाचे आजे-पणजे बैलावर बसून गावोगाव फिरत, घराघराची वंशावळ वाचून दाखवत आणि नवीन जन्म, नवीन सुना लिहून घेत. मल्लाप्पा मोटारसायकलवर फिरतो, एवढाच काळाचा फरक. तो त्या दिवशी नेमका माधवनगरात कुणाची तरी वंशावळ वाचत होता. दीड तासात धूळ उडवत आला, वह्यांची पिशवी उतरवली, पाणी प्यायला आणि नोराबाईंसमोर मांडी घालून बसला.

"सुलिव्हनांत घरं वळखायला पोटनाव असंल की," त्यानं विचारलं. "एकाच नावाची एवढी घरं. हाका कशा मारता?"

क्रांतीनं विचारलं आणि नोराबाईंचा चेहरा उजळला. असा शहाणा प्रश्न त्यांना या देशात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. असतात तर! माझ्या माहेरचे सुतार सुलिव्हन, थोरल्या पातीचे, केरीतून आलेले. नवऱ्याकडचे भुरे सुलिव्हन, धाकट्या पातीचे. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर माहेरच्या पिढ्या म्हणायला लागल्या. कोण कुठं जन्मला, कुणी कुठली जमीन कसली, कोण दुष्काळात बोटीत बसून अमेरिकेला गेला, कोण बोटीवरच वारला. नऊ पिढ्या झाल्या तशी सासरच्या सुरू केल्या. त्याही नऊ.

मल्लाप्पाचं पेन हातातच राहिलं. त्यानं वही बाजूला ठेवून बाईंना वाकून नमस्कार केला.

"सुभेदार, चाळीस वर्सं ह्यो धंदा करतोय. मला वही लागती. ह्या माउलीला वही लागत न्हाई." मग तो मांडवाकडं वळला. "नऊ पिढ्यांत दोनी घरं कुठं मिळत न्हाईत. पात्या फुटून शेकडो वर्सं झाली. नाव एक असलं म्हनून भावकी व्हत न्हाई. भावकी म्हंजी एका चुलीवरनं फुटल्याली घरं. ही सोयरीक चोख हाय."

सत्तर माणसांनी एकदम श्वास सोडला. राजवर्धननं मात्र सोडला नाही.

"मग माजी म्हसवडची?"

"ती घरंबी येगळी हायती," मल्लाप्पा म्हणाला. "मला कवा इचारलं व्हतं कुनी?"

राजवर्धननं खिशातून मोबाईल काढला आणि मांडवाच्या बाहेर गेला. सगळ्या माना जोतिबांकडं वळल्या. सुभेदार तोफेच्या तोंडी उभे राहिलेले होते, पण इतक्या माना एकदम त्यांच्याकडं कधी वळल्या नव्हत्या. विषय बदलण्यासाठी, आणि खरं तर पाव्हण्यांपुढं आपलंही वजन दिसावं म्हणून, ते गरजले, "आता आमची वाच! मुळीकांची!"

मल्लाप्पा चुळबुळला. "समदी वाचू? का वरवर?"

"समदी! एक सबूद गाळायचा न्हाई. क्रांते, तूबी समदं सांग त्यास्नी."

मल्लाप्पानं वाचलं. सहा पिढ्यांमागं येसाजी मुळीक, त्यांना मुलगा नाही, एकच मुलगी, कोयना. तिला घरजावई केला. जावयानं आपलं आडनाव टाकलं आणि सासऱ्याचं लावलं. आजचे बोरजाईवाडीचे सगळे मुळीक हे त्या कोयनाबाईचे. आणि तिच्या थोरल्या मुलाची बायको आली ती शेजारच्या वाडीची. आडनाव, मुळीक.

क्रांतीनं यातला शब्दही गाळला नाही. वडिलांचा हुकूमच होता.

नोराबाई ताठ बसल्या. त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, त्या जावयाचं मूळ आडनाव काय होतं?

"त्ये न्हाई लिवल्यालं," मल्लाप्पा म्हणाला.

मूळ गाव?

"त्येबी न्हाई."

दुसऱ्याचं वाकून बघता बघता आपलं झाकायचं राहूनच गेलं होतं. नोराबाईंनी मुलाकडं पाहिलं, मग मोबाईल काढला. क्रांती चाचरत म्हणाली, "त्या म्हनत्यात, आमाला पस्तीस जनांपस्नंचं ठावं हाय. तुमाला तुमचा मूळ पुरुस कोन त्येच ठावं न्हाई. घरी इचारून सांगते."

तिकडं सकाळच्या धारा चालल्या होत्या. काम आवरून फोन करतो, असं सुलिव्हनसाहेबांनी सांगितलं. पुढचा अर्धा तास जोतिबा मांडवात येरझाऱ्या घालत होते. वधूपिता असणं म्हणजे काय, हे त्यांना आज पहिल्यांदाच समजत होतं. अकरा बाप त्यांच्यापुढं असेच उभे राहिले होते, आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी बस म्हटलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

फोन वाजला. नोराबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग क्रांतीला सांगितलं, आणि क्रांती जोतिबांकडं वळली.

"त्ये म्हनत्यात, जो मानूस बायकूपायी आपलं नाव टाकून आला, त्येचं घर वंगाळ असायचं न्हाई. सोयरीक पसंत हाय. पन एक अट हाय."

"बोल," जोतिबा म्हणाले. आता ते काहीही कबूल करणार होते.

"मी सुलिव्हन व्हायचं न्हाई. मुळीकच ऱ्हायचं. त्येंच्या रस्त्याला नोरा सुलिव्हन तिघी हायत्या. एकीच्या औषदाच्या गोळ्या दुसरीला जात्यात. घरात एक तरी येगळं नाव असू दे, म्हनत्यात."

मांडव हसला, पण हरणाबाईंना ते पटेना. "लेकीनं बापाचं नाव सासरी न्ह्यायचं? असं कुठं असतं व्हय?"

"आत्याबाई," मल्लाप्पा म्हणाला, "तुमचं मुळीक नाव लेकीनंच राखलंय. लेकीनंच फुडं न्हेलं तर काय बिघाडलं?"

हरणाबाईंनीच सुपारी पुढं सरकवली. जोतिबा मल्लाप्पाच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "लिव्ह मल्लाप्पा. नवी पाती."

मल्लाप्पानं कोरं पान काढलं. वर 'मुळीक' लिहिलं, खाली 'मुक्काम कॉर्क, आयर्लंड'. मग वहीत छापलेल्या 'मूळ पुरुष' या रकान्यापुढं त्यानं थोडा विचार केला, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: क्रांती.