म्हात्रे सरांची कोठी

हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळलं. आता सांगूनच टाकतो.

कासूचे म्हात्रे सर भेटले की नमस्कार करत नाहीत. सरळ तुमचं मनगट धरतात आणि विचारतात, "काय, कोठी भरली?" पेणच्या बाजारात त्यांनी कोळणीचंही मनगट धरलं. ती म्हणाली, "मास्तर, आधी कोलंबी घ्या, मग नाडी."

ही कोठी हृदयाच्या पेशीतली. तिच्यात कॅल्शियम साठवलेलं असतं. बाहेरून चिमूटभर कॅल्शियम पेशीत शिरलं, की त्या इशाऱ्याने कोठीची दारं उघडतात, आतलं भसकन बाहेर येतं आणि स्नायू आवळतो. ते परत कोठीत भरलं की स्नायू सैल. झाला एक ठोका.

रोह्याजवळच्या आमच्या शाळेत सर विज्ञान शिकवायचे, मी मुख्याध्यापक. एकदा म्हणाले, "हेडसर, पोरांची कोठी करून दाखवतो. चालंल ना?"

"करा की," मी म्हणालो.

त्यांनी वीस मुलं प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत कोंडली. ती कॅल्शियम. उरलेली बाहेर हात धरून गोल उभी. तो स्नायू. एकाने दारावर टकटक करायची, की सुरू. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आत आले. "इथे काय आहे?" म्हणत त्यांनीच दारावर टकटक केली.

वीस मुलं आरडत बाहेर आली. शिकवल्याप्रमाणे स्नायू आवळला. मधोमध साहेब.

"एकदम बरोबर!" सर आनंदाने ओरडले. "आता परत आत चला! भायेर पडायला काय लागत नाय, आत जायलाच ताकद लागते!"

चष्मा शोधत साहेबांनी मला विचारलं, "हे तुमच्या परवानगीने?"

"नाही. मला कल्पनाच नव्हती."

सर शेजारीच उभे होते. त्यांचं विज्ञान गेलं. निवृत्तीपर्यंत ग्रंथालयाची कपाटं सांभाळली. परवानगी माझी होती.

गेल्या वर्षी माझंच हृदय बिघडलं. तेव्हापासून दर गुरुवारी सर कासूहून पेणला माझ्या घरी येतात आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत माझी नाडी मोजतात. "एवढ्या लांब कशाला येता?" बायकोने विचारलं. "घरी कोण हाय, वहिनी? भिंतीची नाडी किती बघू?"

परवा मी धीर केला. "सर, त्या तपासणीच्या दिवशी मी..."

"गप ऱ्हावा, हेडसर. मोजणी चुकते."

मिनिट कधीच होऊन गेलं होतं. त्यांनी मनगट सोडलं नाही, आणि माझं वाक्य तिथेच राहिलं.