उरलेल्या गोळ्या

घरात औषध वाया जाऊ द्यायचं नाही, असा मास्तरांचा बाणा होता. नातवाचं खोकल्याचं औषध असो की शेजाऱ्यांचं पित्ताचं चूर्ण, उरेल ते मास्तर संपवत. त्यामुळे पाळी जातानाच्या त्रासावर बायकोला दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांनी मध्येच बंद केल्या, तेव्हा तिच्यापेक्षा मास्तरांचाच जीव हळहळला. त्यांनी त्या गुपचूप चहाबरोबर घ्यायला सुरुवात केली.

पुढे त्यांची भूक मेली, डोळे पिवळट दिसू लागले. रक्त तपासून झालं. डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"मास्तर, लिव्हरला सूज दिसतेय. रोज किती घेता?"

"काय?"

"दारू."

मास्तर ताडकन ताठ बसले. दारूविरुद्ध त्यांनी जन्मभर भाषणं झोडली होती आणि त्यातली बहुतेक सोबत आलेल्या मेव्हण्यापुढेच झोडली होती. मेव्हण्याला तर आनंद लपवता येईना.

"दाजी, सांगून टाका की. आपल्यात कसली लाज?"

"अरे, मी थेंबालाही शिवलेलो नाही."

"सुरुवातीला मीही हेच म्हणायचो."

शेजारी बसलेल्या बायकोने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. दारुडा ठरायचं की बायकोच्या गोळ्या खाणारा, एवढंच आता मास्तरांच्या हातात होतं. शेवटी तत्त्वाने अब्रूवर मात केली. त्यांनी खाली मान घालून गोळ्यांचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, लिव्हरला झेपेनात म्हणूनच तर यांच्या बंद केल्या! तुम्ही इथेच बसला होतात."

मास्तर बसले होते खरे, पण बायकोच्या दुखण्याचं बोलणं निघालं की त्यांचे कान आपोआप मिटत.

"आजपासून उरलंसुरलं काही तोंडात घालायचं नाही. लिव्हर सावरेल हळूहळू, पण तपासणीला येत राहा."

मेव्हणा हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात होता. त्याने मास्तरांना दंडाला धरून बाहेर नेलं. बायको मात्र जागची हलली नाही.

"डॉक्टर, एक विचारू?" ती म्हणाली. "एवढ्यात हे मला 'दमलीस का' म्हणून विचारायला लागले होते. परवा तर माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलले नाहीत." तिने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "लिव्हरला झेपेल अशी दुसरी एखादी गोळी नाही का यांच्यासाठी?"