चिरंजीवांची बोटे

चिरंजीवांच्या दहापैकी एकाही बोटाला ठसा नाही, असे सरकारी यंत्राने जाहीर केले तेव्हा माई मागच्या खुर्चीवर बसून मुलाच्या पाठीकडे कौतुकाने बघत होत्या. मुलाने नवा कोट घातला होता. बोटांचे ठसे द्यायला कोट कशाला, असे सूनबाईने घरून निघताना विचारले होते. "फाईलवर चांगलं इम्प्रेशन पडतं," असे उत्तर मिळाले होते. आता नेमके तेच पडत नव्हते.

खिडकीमागच्या बाईने अंगठा काचेवर दाबला. मग काच पुसली, अंगठा पुसला, स्वतः उठून दोन्ही हातांनी दाबला. यंत्राने लाल दिवा दाखवला. बाईने मुलाला काहीतरी विचारले.

"काय म्हणते ती?" माईंनी सूनबाईला हलवले.

"विचारतेय, हे काम काय करतात."

"सांग की, मोठ्या कंपनीत साहेब आहे म्हणावं."

"ते सांगितलं त्यांनी. ती म्हणते, हाताने काय करता? गवंडीकाम आहे का? विटा उचलता का?"

"गवंडी?" माई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की रांगेतली माणसे वळून बघू लागली. "अगं, याने घरात पाण्याचा पेलासुद्धा कधी आपल्या हाताने घेतलेला नाही! सांग तिला!"

"हे मात्र मी नाही सांगणार," सूनबाई म्हणाली आणि छताकडे बघू लागली.

खिडकीतल्या बाईने शेवटी जे सुनावले त्याचा मतलब असा : काही लोक जुनी भानगड लपवायला बोटे मुद्दाम घासून येतात. महिन्याभराने पुन्हा या. तेव्हाही ठसे उठले नाहीत तर चौकशी होईल. आणि चौकशी म्हणजे अर्ज बाजूला. अर्ज बाजूला पडला तर चिरंजीवांना सामानच बांधावे लागणार होते, कारण त्यांचा नोकरीचा व्हिसा संपत आला होता आणि तो आणखी वाढणार नव्हता.

चिरंजीव या देशात येऊन बरीच वर्षे झाली होती. पण इथे कायम राहण्याचा अर्ज केल्यापासून ते परीक्षागृहात बसल्यासारखे जगत होते. रस्ता ओस पडलेला असला तरी लाल दिव्यासमोर हात बांधून उभे राहत. शेजाऱ्याचा कुत्रा अंगावर आला तर कुत्र्याचीच माफी मागत. घरात मोठ्याने हसायला बंदी होती. "भिंती पातळ आहेत. कुणी तक्रार केली आणि फाईलवर गेलं म्हणजे?" सूनबाई भांडायची तीसुद्धा कुजबुजत. माईंच्या तरुणपणी त्यांच्या घरातले भांडण कोपऱ्यावरच्या शिंप्याला ऐकू जाई आणि दुसऱ्या दिवशी तो निकालही देई. त्यांना हे कुजबुजते भांडण अगदी अळणी वाटे.

ठशांची बातमी कळताच पक्के धावून आले. हे चिरंजीवांचे स्नेही. कायम राहण्याचा परवाना ओळखीत सर्वांच्या आधी त्यांना मिळाला, म्हणून लोक त्यांना पक्के म्हणत. परवाना मिळाल्यापासून ते कुठेही पाय पसरून बसत आणि प्रत्येक वाक्य 'तुम्ही लोक' असे सुरू करत.

"तुम्ही लोक घाई करता," पक्क्यांनी चिरंजीवांची बोटे भाजी निवडल्यासारखी उलटसुलट करून पाहिली. "आधी सांग, गेले कशाने ठसे? ॲसिड?"

"नाही हो."

"सिमेंट?"

"छे!"

"मग चौकशीत सांगणार काय?"

चिरंजीवांनी माईंकडे पाहिले, मग सूनबाईकडे, मग सतरंजीकडे. "कीबोर्ड," ते पुटपुटले.

"कीबोर्डने ठसे जात असते तर..."

"का नाही जाणार?" माई मधे पडल्या. "दिवसभर बडवत असतो तो ती बटणं. दगडाला दोरी घासली तर दगड झिजतो, ही तर माझ्या लेकराची बोटं!"

आतल्या खोलीत सूनबाईला जोराचा ठसका लागला.

पक्क्यांनी उपाय सांगितला. सकाळसंध्याकाळ बोटांना तेल. पाणी नाही, साबण नाही, खरखरीत काही नाही. बोटे कापसात ठेवायची. चिरंजीवांनी शब्द अक्षरशः पाळला आणि बोटांना कापूस गुंडाळून बसले. माईंनी त्याच दुपारी गावाकडे धाकट्या बहिणीला फोन लावला. "तुझा भाचा राबतो गं बाई. पार बोटांच्या रेघा गेल्या!"

इथपर्यंत ठीक होते. पण माई गावाहून पाहुण्या आल्यापासून घरात एक रीत पडली होती आणि ती आता मोडली. रोज जेवण झाले की चिरंजीव उठत, "ऑफिसचा कॉल आहे," म्हणत आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेत. त्या कॉलमध्ये पाण्याचा आवाज फार येई. पलीकडचा साहेब समुद्रकाठी राहत असावा, अशी माईंनी आपली समजूत करून घेतली होती. सकाळी भांडी घासून पालथी घातलेली दिसत आणि माई त्यातले एखादे उजेडात धरत. "सूनबाई, कडेला तेल तसंच आहे. तुझ्या आईने तळ घासायला शिकवला, कड शिकवायची राहिली वाटतं." सूनबाई नवऱ्याकडे बघे. नवरा फोनकडे बघे.

आता कॉल थांबले. भांडी साचली. तिसऱ्या दिवशी ढीग नळाला टेकला.

"सूनबाई, अगं भांडी?"

"स्वयंपाक माझा, माई. भांडी माझ्याकडे नाहीत."

"मग कुणाकडे आहेत?"

"मशीनकडे. यांनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला फोनवर? इथे सगळं मशीन करतं."

सांगितले होते. माईंनी ते सगळ्या गावालाही सांगितले होते. ओट्याखाली मशीन होतेही. माईंनी त्याचे दार उघडले. आतून आधी डबे हरवलेली झाकणे घरंगळली, मग घडी करून ठेवलेल्या पिशव्या, आणि त्यांच्या मागून रबराचे दोन गुलाबी हातमोजे. कोपरापर्यंतचे. एकेक बोट चांगले जाडजूड.

माईंनी एक मोजा सूनबाईच्या हाताला लावून पाहिला. तिची दोन बोटे एका बोटात मावली असती. मग त्यांनी वळून मुलाकडे पाहिले. तो कापसातली दहा बोटे वर धरून दारात उभा होता.

"पूर्वी हे घालून घासायचे," सूनबाई शांतपणे म्हणाली. "तुम्ही येणार म्हटल्यावर लपवले. ओले मोजे दिसले तर विचाराल ना, कुणाचे. मग नुसत्या हातांनी सुरू झालं. तारेची घासणी, वर ती कडक पावडर, आणि तुम्हाला कळायच्या आत उरकायचं म्हणून जोर."

माई खुर्चीवर बसल्या. आता त्या रडणार, असे वाटून चिरंजीव पुढे झाले.

"थांब तिथेच," माई म्हणाल्या. "भांडी घासतोस त्याची लाज नाही रे. दार लावून घासतोस त्याची आहे. आणि मी इतके दिवस हिला बोलत होते, तेव्हा तोंडात काय कोंबलं होतंस?"

"माई, तुला वाईट वाटलं असतं..."

"आणि कडा? त्या कडासुद्धा तूच तशा ठेवायचास?"

चिरंजीवांनी मान खाली घातली.

"शी!" माई म्हणाल्या. सगळ्या प्रकरणात हे त्यांना सर्वात लागले.

मग निदान मशीन तरी चालवू, असे चिरंजीवांनी सुचवले. ते घर घेतल्यापासून कुणी चालवले नव्हते. त्यात वेगळा साबण लागतो हे कुणाला ठाऊक नव्हते. सूनबाईने नळापाशी असलेली बाटली सढळ हाताने ओतली आणि बटण दाबले. थोड्या वेळाने मशीनच्या दाराच्या फटीतून फेस डोकावला. मग तो उतू गेलेल्या दुधासारखा जमिनीवर आला आणि बाहेरच्या खोलीकडे निघाला.

"अगंबाई!" माई ओरडल्या.

"हळू ओरडा!" चिरंजीव कुजबुजले. "खालच्या मजल्यावर गळलं तर तक्रार होईल! फाईल!"

सासूसुना गुडघ्यांवर बसून पुसू लागल्या. टॉवेल संपले, चादरी संपल्या. चिरंजीव कापसाची बोटे वर धरून, शरण आल्यासारखे, कोपऱ्यातून सूचना देत होते. शेवटी सूनबाईने खुंटीवरचा नवा कोट ओढला.

"अगं, तो कोट..."

"तुझी फाईल मोठी की तुझा कोट?" सासूसमोर आजवर अहोजाहो करणारी सूनबाई दात आवळून कुजबुजली. माईंनी ऐकले. त्यांनी कोटाची दुसरी बाही धरली.

मशीनचे दार पुन्हा कायमचे बंद झाले. माईंनी पदर खोचला. "सरा. मी घासते. मला कुठे कुणाला ठसे द्यायचेत?"

"मोजे तरी घाला, माई."

"मोजे घालून चालतात. भांडी नाही घासत."

खरे तर माईंना बरेच वाटले. इथे आल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हते. मऊ कोचावर बसून खिडकीबाहेरची न हलणारी झाडे बघायची, एवढेच. जुन्या घरी त्या पितळेच्या पातेल्यात तोंड बघून केस विंचरत आणि आरसा नवऱ्याला दाढीसाठी सोडून देत. त्याच इरेने त्यांनी तार घेतली, पावडर घेतली आणि दर जेवणानंतर अशा कडा घासल्या की सूनबाईला पातेली ओळखू येईनात. दार उघडे असे. चिरंजीव कोचावर बसून बोटांना तेल चोळत असत.

महिना सरला. चिरंजीवांची बोटे तेल पिऊन तान्ह्या मुलासारखी गुबगुबीत झाली होती. खिडकीतल्या त्याच बाईने त्याच काचेवर अंगठा ठेवला आणि हिरवा दिवा लागला. दहाही बोटे पास झाली. पुढे परवानाही आला. पक्क्यांनी घरी येऊन त्यांना आपल्या शेजारी बसवले आणि म्हणाले, "आता पाय पसर." चिरंजीवांनी पसरले. त्याच संध्याकाळी ते घरात पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि खाली जाऊन शेजाऱ्याच्या कुत्र्याला "हट्" म्हणाले.

आता माईंची परतायची वेळ झाली. पाहुण्यांनी देश सोडण्याआधी येताना दिलेल्या ठशांशी बोटे जुळवून परवानगी घ्यायची, असा तिथला नियम होता. कार्यालय तेच. खिडकी तीच. माईंनी ऐटीत अंगठा टेकवला.

लाल दिवा लागला.

बाईने काच पुसली, अंगठा पुसला. पुन्हा लाल.

"काय म्हणते ती?" माईंनी विचारले.

"विचारतेय, तुम्ही काम काय करता."

"काही नाही म्हणावं. पाहुणी आहे मी."

सूनबाईने सांगितले. बाईने भुवया उचलल्या आणि चिरंजीवांकडे बघत बरेच काही बोलली.

"ती म्हणते, पाहुण्यांची बोटं अशी नसतात. पाहुणीच्या व्हिसावर येऊन कुठे कामाला होतात? कुठल्या हॉटेलात? आणि कामाला ठेवलं कुणी?"

चिरंजीव पांढरेफटक पडले. नवा परवाना खिशात होता आणि तो सहज परत घेता येतो, हे पक्क्यांनी पाय पसरून सांगितले होते. ते दोन पावले पुढे झाले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, त्या देशाच्या भाषेत काहीतरी बोलले. रांगेतल्या दोन बायकांनी मान वळवून पाहिले.

"काय म्हणाला गं?"

"म्हणाले, आमच्या घरी भांडी मी घासतो."

माईंना एकदम भरून आले. एवढ्या लोकांत, उघड्यावर! "तेच सांग तिला," त्या म्हणाल्या. "माझा मुलगाच घासतो म्हणावं."

बाई हसली. तिने बोटाने खूण केली : ठेवा बरं अंगठा. चिरंजीवांनी ठेवला. हिरवा दिवा. एकामागून एक दहाही बोटे पडद्यावर उमटली. रेघ न् रेघ सुटी, नव्या वहीच्या पानासारखी. बाईने पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

"ती म्हणते," सूनबाई म्हणाली, आणि आपला आनंद तिने अजिबात लपवला नाही, "कोण घासतं ते यंत्राला दिसतं."

कैद वगैरे झाली नाही. घरातली धुणीभांडी हा गुन्हा नव्हता, पण यावेळी निकाल चिरंजीवांच्या नावे लिहिला गेला. आईंना ठसे जुळल्याशिवाय देश सोडता येणार नाही. महिन्याभराने आणा. तोवर त्यांच्या हाताला पाणी नाही, साबण नाही. पुढच्या वेळी बोटे अशीच दिसली तर चौकशी होईल, आणि ती तुमची.

त्या संध्याकाळी चिरंजीव गुलाबी मोजे चढवून नळासमोर उभे होते. दार माईंच्या हुकुमावरून सताड उघडे होते. माई तेल लावलेली बोटे फाकवून दाराबाहेर खुर्चीवर बसल्या होत्या. "कड. कड बघ. तळाला काय चाटतोयस?" सूनबाई कोचावर पाय पसरून बसली होती, पक्क्यांच्याही वरताण.

गावाकडून बहिणीचा फोन आला. माईंची बोटे तेलकट, म्हणून सूनबाईने बटण दाबून फोन त्यांच्यापुढे धरला.

"अगं, तू येणार होतीस ना? मी दूध जास्त लावून ठेवलं. राहिलीस का?"

"काय करू? सोडतच नाहीत गं," माई म्हणाल्या.

"भाग्याची आहेस. काम नाही, धाम नाही. भांडीसुद्धा मशीनच घासत असेल नाही?"

माईंनी नळासमोरच्या गुलाबी मोज्यांकडे पाहिले. "हो तर," त्या म्हणाल्या. "इथे सगळं मशीनच."

"माई," आतून आवाज आला, "या पातेल्याला तार घेऊ का?"

"कोण गं बोललं?" बहिणीने विचारले.

माई उठल्या आणि तेलाचे डाग लागू नयेत म्हणून कोपराने स्वयंपाकघराचे दार हळूच लोटून घेतले.