डायरेक्ट आजी

आमच्या मनूला मोठेपणी आजी व्हायचं आहे. शिक्षण, नोकरी, लग्न, मूलबाळ असल्या भानगडी मध्ये नकोत. डायरेक्ट आजी. वय सात, इयत्ता दुसरी, इंग्रजी माध्यम.

मनू माझ्या भावाची, दिलीपची मुलगी. मी तिची आत्या, सुरेखा, बी.कॉम. डिग्री मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात माझ्याआधी कुणी बारावीचं तोंड पाहिलं नव्हतं. माझ्यामागून घरात एखादी सीए यावी, निदान मामलेदारीण तरी, एवढीच माझी इच्छा. आणि ही पोरगी मी ऑफिसातून आले की सोफ्यावर पाय मुडपून बसते, गुडघा चोळते आणि मला म्हणते, "सुरेखे, पानी दे गो. माजं ढोपर गेलं आज."

आजी झाली की ती मला नावानेच हाक मारते. स्वतःच्या बापाला 'दिल्या' म्हणते. एरवी शाळेतलं गुळगुळीत बोलणारी पोर, पण आजी अंगात आली की आजीच्या हाय-नायच्या बोलीवर येते.

विमानतळात गाव गेलं तेव्हा आम्ही पनवेलच्या बाजूला नव्या वसाहतीत घर बांधलं. तीन मजली, खाली मार्बल. माझ्या आईला त्या मार्बलवर चालायची भीती वाटायची. ती भिंतीला धरून चालायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवलास का विचारायची. गेल्या दिवाळीआधी ती गेली.

तेव्हापासून बाबांनी जेवण सोडल्यातच जमा आहे. एका वेळेला तांदळाच्या चार भाकऱ्या आणि वर सुकट संपवणारा माणूस, आता भात ताटात इकडून तिकडे सारतो आणि "भूक नाय" म्हणून उठतो. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, खायला घाला, असेच राहिले तर पावसाळा जड जाईल. वहिनीने नाही नाही ते करून पाहिलं. मी प्रोटीनबद्दल समजावून सांगितलं. दिलीप म्हणाला, "बाई गो, तू हिशोब लिवनारी. त्यांना प्रोटीन नको, आई पायजे."

मध्ये मनूच्या शाळेत 'मोठेपणी मी कोण होणार' असा वेशभूषेचा कार्यक्रम झाला. मी तिच्यासाठी वकिलाचा काळा कोट आणला होता. ती आजीचं लुगडं गुंडाळून गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी वहिनीला बोलावून घेतलं. "बाकीची मुलं पायलट, डॉक्टर झाली होती. हिने स्टेजवर बसून दातांना मशेरी लावली." आजी काय काम करते, असं बाईंनी विचारल्यावर मनूने सांगितलं होतं, "समद्यांना जेवलाव का इचारते. नाय जेवलं त शिव्या देते."

त्या संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. "मनू, आजी व्हायला अभ्यास लागत नाही. आजी कुणीही होतं."

"कुनीपन? मग तू का नाय झालीस?"

मी एक्केचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. वहिनी हसायला स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या रविवारी वहिनीने कोलंबी केली होती. बाबांनी दोन घास खाल्ले न खाल्ले आणि हात धुवायला उठले. तेवढ्यात मनू वाटेत येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"ओ दिलीपचे बापूस."

दिलीपला ठसका लागला. आईने उभ्या जन्मात बाबांना याशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"बसा खाली. कोनासाठी रांदलाय हा? मी मेल्यावर समजल तुमाला."

हेही आईचंच. मीठ कमी पडलं तरी ती हेच म्हणायची, आणि आम्ही हसायचो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. वहिनीने मनूला मागे ओढायला हात पुढे केला, तो तसाच राहिला. बाबा भिंतीला धरून उभे होते. मग ते खाली बसले.

"वाड," म्हणाले.

मनूने भात वाढला. जरा जास्तच वाढला. ते जेवत होते, डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ताटात पडत होतं आणि ही समोर उभी राहून म्हणत होती, "रडता काय? कोलंबी खा."

तेव्हापासून दोन्ही वेळेला तिची ड्यूटी असते. खालून पोरं खेळायला हाका मारतात, ती जात नाही. एखाद्या दिवशी बाबा अर्धं ताट संपवतात, एखाद्या दिवशी तिने कितीही आवाज चढवला तरी उठून जातात. मग तीही नीट जेवत नाही.

काल अशीच बाल्कनीत बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. खाली पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालला होता. मी विचारलं, "मनू, खरं खरं सांग. तुला मोठेपणी काय व्हायचंय?"

तिने आधी वळून आत पाहिलं, तिचे आबा ऐकत नाहीत ना म्हणून. मग शाळेतल्या आवाजात, अगदी हळू म्हणाली, "आहे एक, आत्या. पण ते नंतर. आधी आबा जेवायला लागू देत."

आत वहिनी ताटं मांडत होती. मनू उठली. दारात थांबून तिने घसा खाकरला.