शांतिलालच्या ओट्यावरची ऊब

थंडी ही खासगी बाब की सार्वजनिक, या प्रश्नाचा निकाल आमच्या गावात लागेपर्यंत बदामबाई ओसवाल यांचा दमा हा सर्वस्वी त्यांचा घरगुती मामला होता.

आमचं गाव नवापूरच्या अलीकडे. बैलगाडीने सकाळी निघावं आणि दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्या अंतरावर. दुसरी लढाई अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे लोकांना काळजी करायला थंडीशिवाय काही नव्हतं. त्या वर्षी पौषात डोंगराकडून असा वारा सुटला की पाण्याचा हंडा सकाळी बाहेरून आणायला माणसं एकमेकांची नावं सुचवू लागली.

बदामबाई सत्तरीच्या. मुलगा शांतिलाल, त्याचं पेठेत कापडाचं दुकान, सून धनकंवर. घरात चुलीचा धूर कोंडला की म्हातारीचा जीव घुसमटे, आणि बाहेर आली की गारठ्याने छाती भरून येई. वैद्यांनी नाडी पाहिली आणि शास्त्रोक्त सल्ला दिला, "हवा मोकळी हवी पण गार नको. ऊब हवी पण धूर नको." एवढं सांगून ते फी घेऊन गेले. अशी जागा कुठे असते हे सांगणं त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

शांतिलाल आईवेडा माणूस. त्याने विचार केला आणि दुकान बंद ठेवून घरापुढच्या ओट्याला हात घातला. वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावले, त्यांना आतून जुन्या रजयांचं अस्तर दिलं. खाली नव्या कापसाची गादी, पाठीला लोड. डोंगरातल्या रेंग्या कोळसेवाल्याकडून चांगला धगीचा कोळसा घेतला, म्हणजे शेगडीला धूर नको. धनकंवरने पायरीवर खडूने मांडणे, म्हणजे मारवाडी रांगोळी, काढले, पडद्यांना लाल काठ शिवले, खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि वर एक पिवळ्या काचेचा कंदील टांगला. दिवस मावळायच्या आत त्या जैन घरातली जेवणं उरकत, तशी उरकली आणि बदामबाई ओट्यावर येऊन बसल्या. पाय शेगडीकडे केले.

मग सुनेला म्हणाल्या, "बिनणी, मले आते कुठंच जावानं नही."

धनकंवरच्या डोळ्यांत पाणी आलं. शांतिलाल दुसरीकडे बघत कंदिलाची वात उगाच वरखाली करू लागला.

एवढ्यात रस्त्यावरून कोणीतरी खाकरलं.

ते सुमेरमलजी होते. बदामबाईंचे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, समोरच्याच घरात राहणारे. त्यांच्या मारवाडी समाजात भावजयीने जेठापुढे बसायचं नाही. जेठानेही भावजय असेल तिथे एकदम शिरायचं नाही, दुरून खाकरायचं. खाकरणं ऐकलं की बाईने पदर ओढून आत जायचं. बदामबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून हे बिनतक्रार चाललेलं. त्यांनी जेठाचा चेहरा नीटसा कधी पाहिलाच नव्हता. खाकरण्यावरूनच त्या त्यांची तब्येत ओळखत.

बदामबाई उठल्या, आत गेल्या. सुमेरमलजी वर आले. "वा रे शांति! ही खरी सेवा," असं म्हणून गादीवर बसले, लोड पाठीशी घेतला आणि पाय शेगडीकडे केले. आतून खोकला ऐकू येऊ लागला, तेव्हा त्यांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, "तुझ्या माँसाला बरं नाही का? थंडीचं जपायला सांग हो."

दुसऱ्या दिवशी ते दिवेलागणीच्या आधीच आले. तिसऱ्या दिवशी स्वतःची पानसुपारी घेऊन आले. काकाला ऊठ म्हणायची शांतिलालची टाप नव्हती. वडीलधाऱ्याला उठवलं असतं तर पेठेत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून तो माझ्याकडे आला. मी मराठी शाळेचा हेडमास्तर आणि ग्रामसुधारणा मंडळाचा चिटणीस. सुधारणा करण्यासारखं गावात पुष्कळ असतं, पण कोणी येऊन सांगत नाही. त्यामुळे मला बरं वाटलं.

"मास्तरजी, काहीतरी मार्ग काढा. आईला तिच्याच ओट्यावर बसता येत नाही."

"पाहणी करावी लागेल," मी म्हणालो.

पाहणी काही उभ्याने होत नाही. मंडळाचे अध्यक्ष करणसिंग पाटील आणि मी ओट्यावर बसलो. धनकंवरने सुंठेचा चहा पाठवला. पाटील गादीवर हात फिरवून म्हणाले, "काय गरम शे हो आठे! मन्हा घर तं नुसता गारठा शे." प्रकरणात गुंतागुंत आहे असं आमचं एकमत झालं आणि पाहणी दुसऱ्या दिवशीही चालू ठेवण्यात आली. पाहणी चालू आहे हे कळल्यावर गावातले आणखी काही जबाबदार लोक पाहणीला येऊ लागले. लोकांना सार्वजनिक कामाची आवड नसते असं म्हणणाऱ्यांनी तो ओटा बघायला हवा होता.

अखेर शांतिलालने हात जोडले. "हा ओटा आजारी माणसासाठी सजवला होता हो!"

"बराबर शे," पाटील म्हणाले. "पन आजारी कोन शे, हाई ठरावनार कोन?"

प्रश्न मुद्द्याचा होता. मी त्याच बैठकीत ठराव मांडला: ओटा रुग्णासाठी राखीव; रुग्णत्वाचा पुरावा खोकला; ज्यास खोकला त्यास ओटा. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. शांतिलाल इतका आनंदला की त्याने पुन्हा चहा सांगितला. आता आपल्या आईला कोण हटवतो, असं त्याला वाटलं. बिचाऱ्याला वाटलं की खोकला फक्त त्याच्याच घरी आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव खोकत आलं. गंधर्वासारखा गळा असलेली भजनी मंडळीही पायरीपाशी येताच छाती धरून वाकली. कोरडा खोकला, कफाचा खोकला, बोलता बोलता येणारा आणि फक्त पाटलांकडे बघून येणारा, असे प्रकार पाडावे लागले. सुमेरमलजींनी आक्षेप घेतला की आपण तर गेली साठ वर्षं अव्याहत खाकरत आहोत. त्यांची ज्येष्ठता लक्षात घेऊन खाकरणे हा खोकल्याचाच सौम्य प्रकार मानण्यात आला आणि त्यांची जागा कायम झाली. अध्यक्ष आणि चिटणीस यांना तपासणीसाठी बसणं भागच होतं, तेव्हा आमच्या खोकल्याचा प्रश्न उद्भवला नाही.

रेंग्या कोळशाची टोपली घेऊन आला तो खरोखरच खोकत होता. कोळशाच्या भुकटीने त्याचा घसा पार गेला होता. पण तो खाली अंगणात उभा राहून खोकला. ओट्याखालचा खोकला मंडळाच्या अधिकारात येत नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली, टोपली रिकामी केली आणि तो गेला. समंजस माणूस.

शेवटी बदामबाईंची पाळी आली. त्या दारातच बसून खोकल्या. असा अस्सल, बनावटीचा लवलेश नसलेला खोकला मंडळाने तोवर ऐकला नव्हता. पाटलांनी तर टोपी काढली. एकमताने त्यांना पहिला नंबर मिळाला. जेठांपुढे बसण्याची अडचण होती, ती आम्ही मधे एक गोणपाट टांगून सोडवली. शेगडी अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

त्यानंतरचे दिवस म्हातारीचे फार सुखाचे गेले. पडद्यामागे बसून त्या मेथी निवडत, जपमाळ ओढत. पुरुषमंडळी कापसाचा भाव चुकीचा बोलली तर आतून दुरुस्ती येई, "काल उतरना तो." पडद्याकडे पाहून सुमेरमलजी अदबीने "हां हां" म्हणत. धनकंवर कामातून मान वर करून सासूकडे बघे आणि उगाचच हसे. शांतिलाल दुकानात गिऱ्हाइकाला मापापेक्षा चार बोटं कापड जास्त देऊ लागला.

आणि एके दिवशी पाटलांनी मला कोपराने ढोसलं.

"मास्तर, माँसा खोकत नही."

मी कान दिला. खरंच. पडद्यामागे केवळ मेथीची देठं मोडल्याचा आवाज. ऊब, मोकळी हवा, धूर नाही. वैद्याचा सल्ला लागू पडला होता. मंडळापुढे पेच उभा राहिला. ओटा रुग्णासाठी होता, आणि ओट्यावर एक धडधाकट बाई बसली होती. पायरीवर खोकणाऱ्यांची रांग लागलेली असताना हे डोळ्यांआड कसं करायचं? मन कठोर करून मी सुनावणी ठेवली.

सुनावणीच्या आधी शांतिलालने आईचे पाय धरले. आम्ही पडद्याच्या अलीकडेच असल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"माँसा, थोडंसं खोका ना. दोनदाच. नुसतं नावाला."

"कसाले? मले खोकला शे का?"

"नाही म्हणूनच तर सांगतो! सगळं गाव खोकतंय."

"गावले खोकू दे. मी मुनी महाराजसाहेबांपुढे खोटं न बोलण्याचं पचखाण, व्रत घेतलंय, शांति. ते काय तोंडापुरतं असतं का? घशाले बी लागू शे."

धनकंवर म्हणाली, "माँसा, मी मिरची कुटते तुमच्याजवळ बसून. मग आपोआप येईल, खोटा नाही होणार."

"अगं बिनणी, खोकला खरा व्हई, पण कुटणं तं खोटं ना!"

मी पडद्यापाशी जाऊन विधिवत विचारलं, "बदामबाई, आपल्याला सध्या कसं वाटतं?"

"मले बरं वाटस," त्या म्हणाल्या. "फार बरं वाटस, मास्तर. देव तुमचं भलं करो."

एवढी स्वच्छ कबुली मिळाल्यावर मंडळाचा नाइलाज झाला. बदामबाई रोगमुक्त झाल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव करून त्यांना सन्मानपूर्वक आत पाठवण्यात आलं. सुमेरमलजींनी त्या मोकळ्या जागेत पाय लांब केले.

आत चूल होतीच. आठवडा गेला नसेल, खोकला परत आला. मंडळाने तत्परतेने त्यांना पुन्हा ओटा दिला. त्या पुन्हा बऱ्या झाल्या. मंडळाने तितक्याच तत्परतेने पुन्हा आत पाठवलं. हे असं माघापर्यंत चाललं. दर खेपेला आतला खोकला आधीपेक्षा खोल येई आणि धनकंवर पाठ चोळत बसे. शांतिलालच्या दोन्ही गालांचे खळगे दिसू लागले. पण नियमाच्या अंमलबजावणीत कुठे ढिलाई झाली, असं मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

एकदा शांतिलालचा संयम सुटला. तो स्टूल घेऊन आला आणि पडदे काढू लागला. "नको मला हा ओटा! आग लागो तुमच्या उबेला! माझी आई आत गुदमरतेय आणि तुम्ही माझ्या गादीवर बसून तिच्या खोकल्याला नंबर देता?"

आम्ही सगळे चकित झालो. इतक्या वर्षांच्या ओळखीत शांतिलाल असं कधी बोलला नव्हता. पाटलांनी त्याला शांत केलं आणि समजूत घातली: "शांतिशेठ, आते हाऊ ओटा तुन्हा एकलाना नही. गावना शे. गावनी वस्तू अशी तोडतस का?" सुमेरमलजी नुसते खाकरले. शांतिलाल स्टुलावरून उतरला.

दुसऱ्या दिवसापासून बदामबाई एक नवीनच करू लागल्या. ओटा एव्हाना सकाळपासूनच भरलेला असे; ऊन वर आलं की त्या बाहेर पडत, रस्त्याच्या पलीकडे खाट टाकायला लावत आणि घोंगडी पांघरून तिच्यावर बसत. वारा बोचरा होता, उन्हाला ताकद नव्हती. चेहऱ्यावर पदर होता, तरी तो पदर आमच्याच दिशेने वळलेला असे. त्या जपमाळ ओढत. मधेच खोकत. तेवढंच. आमच्यातल्या दोघातिघांना त्यामुळे चहा गोड लागेना. पाटील तर म्हणाले, "मास्तर, मले आठे बसवत नही."

यावर विचार करण्यासाठी मी तातडीची बैठक बोलावली. बरीच चर्चा होऊन रस्त्याकडच्या बाजूलाही एक जाड पडदा लावायचं ठरलं. कापड शांतिलालच्याच दुकानातून आणलं. शिवून धनकंवरने दिलं. पडदा लागला, समोरचं दिसेनासं झालं, आणि खरं सांगतो, ओटा पूर्वीपेक्षा कितीतरी उबदार झाला. पाटलांचंही बसणं मग सुरळीत झालं.

ही हकिगत मी त्याच ओट्यावर बसून लिहिली आहे. जागा सध्या शिल्लक नाही, तरी कोणी अर्ज घेऊन येऊ नये. पडद्यापलीकडून मधूनमधून खोकला ऐकू येतो. त्याची मंडळाने नोंद घेतली आहे.

वाचताना काही लोकांना आमचं हसू आलं असेल. खुशाल हसा, हसण्याला मंडळाची हरकत नाही. फक्त हसून झालं की एवढं आठवून बघा: आत्ता तुम्ही ज्या जागेवर बसून हे वाचताय, ती मिळवताना तुम्ही किती खोकला होतात? आणि तुमच्याआधी तिथे बसलेलं माणूस आता कुठे आहे?